चावडीवरचं वाचन

"शर्टाला जरा ढिलाई ठेव गं वैजे, पोरगं झपाट्यानं वाढतंय," छबूताई म्हणाल्या आणि त्यांनी पृथ्वीला माझ्यापुढे ढकललं.

मी गळ्यातली टेप काढली. पृथ्वी त्यांचा धाकटा, दुसरी संपवून तिसरीत जाणारा. आदल्याच दिवशी, एक मेच्या ग्रामसभेत, या पोरानं चावडीसमोर सगळ्या गावादेखत असं घडाघडा वाचून दाखवलं होतं की, एरवी कशालाच मान न हलवणाऱ्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. तोच पृथ्वी आता माझ्यापुढे दोन्ही हात पसरून उभा होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

"कुठला शिवायचा?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेचा गणवेश सरकारी, त्याच्या मापाला कुणाची आई येत नाही. ढेंबरे गुरुजी एक दिवस ठरवून अख्खी शाळाच माझ्या दुकानासमोर रांगेत उभी करतात.

"मरून प्यांट आनि चौकड्याचा शर्ट. टाय बी करून दे, ती इलॅस्टिकवाली."

म्हणजे माळावरच्या इंग्लिश शाळेचा. हिवरतळात शाळा दोन आणि शिवणारी मी एकटी. सरकारी निळा गणवेशही माझ्याच मशीनवरून उतरायचा आणि माळावरचा मरूनही. कुठलं पोर कुठं चाललंय ते गावाच्या आधी मला कळायचं, कारण अंग मोजल्याशिवाय कुणाला शाळा बदलता येत नव्हती.

"काल एवढं छान वाचलं की त्यानं," मी म्हणाले.

"म्हनून तर!" छबूताईंचा चेहरा उजळला. "आमाला काय ठावं गं, पोरगं एवढं हुशार हाय ते. त्यो वाचाय लागला आनि ह्यांच्या डोळ्यात पानीच आलं. घरी येऊन म्हनले, असलं पोरगं झेडपीत कशापायी सडवायचं?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी गप्प राहिले. नाहीतर काय बोलले असते कोण जाणे.

दुपारपर्यंत आणखी दोघीजणी पोरं घेऊन आल्या. संध्याकाळी चौथी आली. चारही पोरं आदल्या दिवशी न अडखळता वाचणारी. जी अडखळली होती त्यांच्यातलं एकही आलं नाही.

आता हे चावडी वाचन म्हणजे काय ते सांगायला हवं. वरून पत्रक आलं होतं की सरकारी शाळेतल्या पोरांनी ग्रामसभेत गावापुढे वाचून दाखवावं, म्हणजे शाळेत काय शिकवतात ते लोकांना कळेल. बाकीच्या गावांनी ते उरकून टाकलं. आमचे गुरुजी मात्र हौसेनं तयारीला लागले. त्यांनी पोरांना धडा पाठ करून दिला नाही. सभेत पुस्तक सरपंचांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "तुम्हीच पान काढा. कुठलंही काढा." सरपंचांनी मुद्दाम शेवटचं, न शिकवलेलं पान काढलं. काही पोरं अडखळली, बाकीच्यांनी तेही वाचलं. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. माझी मुलगी तेजल पृथ्वीच्याच वर्गात. ती त्या दिवशी गोवरानं घरी पडून होती, तिला आणता आलं नाही याची मला केवढी हळहळ वाटली!

मी शाळा समितीची अध्यक्ष होते. हे पद मला काही अकलेमुळे मिळालं नव्हतं. समितीत बाई हवी होती, आणि निवडीच्या दिवशी मी गणवेशाची मापं घ्यायला शाळेतच होते. पण एकदा खुर्चीत बसल्यावर मला त्यातलं कळायला लागलं. आमची शाळा एके काळी सातवीपर्यंत, खोल्या भरून वाहणारी. माळावर इंग्लिश शाळा झाली, तिची पिवळी गाडी दारोदार फिरायला लागली, तशी आमची घसरत घसरत चौथीपर्यंत आली. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका बदली होऊन गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. चारही वर्गांना गुरुजी एकटे. आणि आता वरचं म्हणणं असं की, सप्टेंबरअखेर पट वीसच्या खाली गेला तर शाळा बंद, पोरं हायवेपलीकडच्या गावच्या शाळेत.

हायवे म्हणजे चार पदरी रस्ता. त्यावर दर उन्हाळ्यात आमच्या गावचं कुणी ना कुणी गेलेलं. तो ओलांडून आठ वर्षांच्या पोरीला रोज कोण पाठवणार? ज्यांना माळावरची फी झेपते त्यांनी पोरं कधीच नेली होती. राहिली होती ती न झेपणाऱ्यांची, आणि त्यातल्या पोरी तर घरीच बसल्या असत्या. माझी तेजलसुद्धा. तिचे वडील सांगलीकडे कारखान्यावर, येणार ते सणासुदीला. मी मशीन सोडून रोज हायवेवर उभी राहिले असते तर खाल्लं काय असतं?

चौघांची मापं घेतल्याचं मी गुरुजींना जाऊन सांगितलं. ते शाळेच्या आवारातल्या झाडांना पाणी घालत होते. हातातली झारी तशीच धरून त्यांनी नावं विचारली. मी सांगितली. ते एकदम हसायला लागले.

"ताई, म्हणजे मी यांना शिकवलं तेच चुकलं म्हणायचं."

"गुरुजी, हसताय काय? चौघं गेली तर पट कुठं राहतो?"

"रडून राहणार असेल तर रडतो," ते म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे गेले.

त्यांनी आणि मी तो अख्खा मे महिना वणवण केली. वीटभट्टीवर गेलो, मेंढक्यांच्या पालांवर गेलो, पुलाच्या कामावर परगावचे मजूर राहत होते त्यांच्याकडे गेलो. लोक आम्हाला बघून आधी उठून उभे राहायचे, कर्जवाले आले असं वाटून. गुरुजी खाली बसकण मारून पोरांना गोष्ट सांगायचे, तेवढ्यात मी आयांशी बोलायचे. अशी करत करत पोरं गोळा झाली आणि जूनमध्ये पट वीसवर आला. एकही जास्त नाही. कुणी आजारी पडलं तरी मी त्याच्या दारात जाऊन उभी राहायचे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माळावरच्या शाळेचे सर दुकानात आले. ते शिकवत काही नव्हते, संस्था त्यांची होती, पण गावात सगळे त्यांना सरच म्हणायचे. गडी स्वभावानं चांगला, बोलायला गोड. मी खुर्ची पुसून द्यायला लागले तर म्हणाले, "राहू दे ओ वैनी, आपलंच दुकान हाय." तेजल मागे भिंतीला टेकून शर्टांना बटणं लावत बसली होती.

"तुमची मुलगी लई छान वाचती म्हनं," सर म्हणाले. "पृथ्वी आमच्या शाळेत सगळ्यांना सांगतो, तेजलसारखं वाचता येत न्हाय मला."

"वाचती आपली बरं."

"पंधरा ऑगस्टला चावडीवर वाचणार हाय न्हवं? मी येतो ऐकायला. जसं आयकलंय तसं वाचलं तर फी नको, गाडीचं भाडं नको, पुस्तकं आमची. आनि आमच्या गनवेशाचं सगळं काम हिथून पुढं तुमालाच. आता निम्मं साताऱ्यासनं शिवून येतं."

माझ्या डोळ्यांपुढे तेजल टाय लावून पिवळ्या गाडीत चढताना दिसली. खोटं कशाला सांगू, चांगली दिसली.

"बगू," मी म्हणाले.

सर हसत उठले. जाता जाता त्यांनी तेजलच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं मान वर केली नाही, सुईत दोरा ओवत राहिली.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. तेजल गेली तर पट एकोणीस, शाळा बंद, आणि मी शाळेची अध्यक्ष. पण तेजलचं चांगलं होत असेल तर? भट्टीवरच्या पोरांसाठी मी माझ्या पोरीचं नशीब अडवू? सकाळी उठले तेव्हाही माझं ठरलं नव्हतं. म्हटलं, आधी वाचू तर दे तिला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि लोक चावडीपुढे जमले. या खेपेला पंचायत समितीचे शिक्षण विस्तार अधिकारी आले होते. साहेब कडक, पण काम मन लावून करणारे. त्यांनी पुस्तकातला एक उतारा काढला आणि सांगितलं की, तिसरी-चौथीच्या पाचही मुलांनी एकामागून एक हाच वाचायचा. माळावरचे सर पुढच्या ओळीत, छबूताई आणि त्यांचे मालक त्यांच्या मागे. गुरुजी कडेला उभे. पांढरा सदरा, नवा. मीच शिवला होता.

पहिली उभी राहिली ती पुलावरच्या मजुराची मुलगी. चौथीतली, चुणचुणीत. उतारा एका म्हातारीचा होता, विहिरीवर पाणी भरायला गेलेल्या. पोरगी दोन वाक्यं बरी वाचून गेली आणि तिसऱ्यात, म्हातारी विहिरीच्या काठावर बसते तिथं, अडकली. "काठा... काठा..." पुढं सरकेचना. साहेबांनी शब्द सांगितला तरी तिला म्हणता येईना. मागून कुणीतरी हसलं.

"घाबरू नको, बस," साहेब म्हणाले.

दुसरा पोरगा उठला. तोही त्याच विहिरीच्या काठावर जाऊन बसला. तिसरा तसाच. आता लोक उघड हसायला लागले. "गुरुजी, म्हातारीला घरी पाठवा की, कवाधरनं बसलीय!" कुणीतरी ओरडलं. छबूताईंचे मालक मागे वळून बायकोला काहीतरी म्हणाले आणि छबूताईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

चौथ्याचं तेच झालं. मग तेजल उठली.

मी सावरून बसले. तेजल घरी मला वर्तमानपत्राचे कागद वाचून दाखवायची, शेंगदाण्याच्या पुड्यासुद्धा सोडायची नाही. मला वाटलं, आता बघा. तिनं पुस्तक धरलं, सगळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि वाचायला लागली. एकेक अक्षर सुटं करून. पहिलीतलं पोर वाचेल तसं. आणि काठावर येऊन ती थांबली.

मला कानाखाली मारल्यासारखं झालं. सगळं गाव बघतंय, पुढे सर बसलेत, आणि माझी पोरगी दगडासारखी उभी. मला तिचा राग आला, गुरुजींचा त्याहून आला. अख्खा महिना मी या माणसाबरोबर उन्हातान्हात हिंडले, लोकांना सांगत सुटले की शाळा चांगली आहे, आणि हे यांचं शिकवणं!

साहेबांनाही ते बरं वाटलं नसावं. ते म्हणाले, "गुरुजी, मुलं दबली असतील. तुम्ही निवडा उतारा. तुमच्या हातानं द्या. ही मुलगी वाचू शकेल असं वाटतंय मला."

गुरुजी पुढे आले. त्यांनी पुस्तक घेतलं, पानं चाळली, एक पान काढून तेजलसमोर धरलं. तेजलनं पानाकडे पाहिलंच नाही. ती गुरुजींकडे बघत होती, डोळे मोठे करून. गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. मग मागच्या चौघांकडे त्यांची नजर गेली. चौघंही मांडी घालून, श्वास धरून बसली होती.

गुरुजींनी पुस्तक मिटलं.

"नको साहेब," ते म्हणाले. "कच्ची आहेत मुलं. माझंच कमी पडलं."

गर्दीतून एक लांबलचक "हांऽऽ" निघाला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लेखी खुलासा द्यावा लागेल, असं ते अगदी हळू म्हणाले, पण पुढच्या दोन ओळींना ऐकू गेलं. माळावरचे सर जिलेबी वाटायच्या आधीच उठले. माझ्यासमोरून जाताना थबकून म्हणाले, "असू द्या वैनी, लहान हाय अजून." त्यानंतर त्यांनी फीचं किंवा गणवेशाचं नाव काढलं नाही. गुरुजी एकटेच खुर्च्या गोळा करत होते. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

घरी येताना मी तेजलचा दंड सोडला नाही. दार लावलं आणि विचारलं, "वाचाय येत न्हाय तुला?"

"येतंय."

"मग? गुरुजींनी सांगितलं व्हतं का असलं सोंग कराय?"

"न्हाय! गुरुजींस्नी ठावं बी न्हाय. आमी पाचजनांनीच ठरवलं."

"कशाला पन? सगळ्या गावात माझं नाक कापलंस!"

तेजल रडली नाही. मला समजत कसं नाही याचंच तिला नवल वाटत होतं.

"चांगलं वाचलं का न्हेत्यात ना गं," ती म्हणाली. "पृथ्वीला न्हेलं, मानसीला न्हेलं. आता मला न्हेनार व्हते. मग आमच्या शाळंला कुलूपच लावतील की."

"तुला कुनी सांगितलं न्हेनार म्हनून?"

"सर इचारत व्हते तवा तू बगू म्हनालीस. न्हाय म्हनली न्हाईस."

मी खाटेवर बसले. ही चिमुरडी बटणं लावत बसली होती आणि मी सगळ्या रात्रीत न सोडवलेलं गणित तिनं चार पोरांना हाताशी धरून सोडवलं होतं. मला तिची लाज वाटली होती, त्याची आता दुप्पट लाज वाटायला लागली. मी तिला जवळ ओढलं. ती म्हणाली, "गुरुजी रागावतील का गं?"

मी तशीच उठून शाळेकडे गेले. गुरुजी व्हरांड्यात बसून झेंड्याची दोरी गुंडाळत होते.

"गुरुजी, पोरांना येतंय वाचाय," मी धापा टाकत म्हणाले. "मुद्दाम केलं त्यांनी. तेजलनं सांगितलं मला. साहेब अजून तालुक्याला पोचलं नसतील, फोन लावा."

"बसा ताई."

"बसू काय! गाव तुमाला नाय नाय ते बोलायलंय."

"पाचही मुलं एकाच काठावर अडखळली," गुरुजी म्हणाले. "ज्याला खरंच येत नाही ते पोर आपापल्या ठिकाणी अडखळतं. इतकी वर्षं शिकवतोय, मला एवढं तरी कळायला हवं."

"म्हणजे तुमाला तवाच कळलं?"

"दुसऱ्या मुलाच्या वेळीच कळलं. तेजलच्या वेळी तर खात्रीच झाली. इतकं वाईट वाचायला फार चांगलं वाचता यावं लागतं." त्यांना परत हसू आलं, मे महिन्यात आलं होतं तसंच. पण या वेळी ते लवकर मावळलं.

"मग साहेब वाचून घ्या म्हनत व्हते तवा का न्हाय घेतलं? तिनं तुमच्यापुढं वाचलं असतं."

"वाचलं असतं. तुमची मुलगी माझा शब्द मोडत नाही." त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "आणि सर पुढंच बसले होते."

पोरांना शिकवण्यावाचून या माणसाला दुसरं काही नव्हतं. बायको-पोरं लांब फलटणला, इथं एक खोली आणि ही शाळा. गावात कुणी नमस्कार करायचं तर एवढ्याचसाठी की गुरुजी शिकवतात चांगलं. तेवढंही त्यांनी सकाळी सगळ्यांसमोर काढून ठेवलं होतं.

"एक करा," ते म्हणाले. "मला कळलंय हे मुलांना सांगू नका. गुरुजींना फसवलं या आनंदात आहेत, राहू दे. उद्या मी थोडा रागावणार आहे. तेजलला म्हणावं, मनावर घेऊ नको."

दुसऱ्या दिवशी ते खरंच रागावले. तेजल घरी येऊन अगदी खुशीत सांगत होती. खुलाशात त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. त्या वर्षी तालुक्याच्या सभेत आमच्या शाळेचं नाव मागे पडलेल्यांत वाचलं गेलं, आणि गुरुजींना उभं करून विचारणा झाली, एवढं कानावर आलं. सप्टेंबरअखेर पट मोजला, वीस भरला. पुढच्या वर्षीही भरला. माळावरची गाडी आमच्या शाळेवरून जाताना कधी थांबली नाही, कारण तिथं घेण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

तेजल चौथी होऊन बाहेर पडली तोवर हायवेखालून बोगदा झाला होता, आणि पाचवीपासूनच्या पोरी बिनघोर पलीकडे जायला लागल्या होत्या. ती आता साताऱ्याला नर्सिंग करते. पुलावरची ती मुलगी कुठं गेली ते माहीत नाही. गुरुजी आमच्याच शाळेतून निवृत्त झाले. निरोपाला गावातलं फारसं कुणी आलं नाही.

मी कापड आणायला शाळेवरून जायचे तेव्हा मला एक दिसायचं. त्या पंधरा ऑगस्टनंतर गुरुजी वाचनाचा तास दारंखिडक्या लोटून घ्यायचे, भर उन्हाळ्यातसुद्धा. रस्त्यानं जाणारे एकमेकांना दाखवायचे, बघा, दार लावून झोपतोय मास्तर. मी भिंतीला लागून चालायचे. आतून एकेक पोर वाचत असायचं, न अडखळता, आणि गुरुजी मधूनच म्हणत असायचे, "हळू रे. बाहेर ऐकू जातंय."